समकालीन मराठी कथासंग्रह : दूर राहणाऱ्या वाचकाने काय वाचावे आणि का

दोह्यातील अल सद्द हा भाग आखातात स्थिरावलेल्या भारतीय नोकरदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. निवासी इमारती, कार्यालये आणि उपाहारगृहे यांची येथे दाटी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या गोल्ड लाइनवर या भागाच्या नावाचे स्थानकही आहे. अभियंते, लेखापाल, डॉक्टर, बँकांतील अधिकारी अशा मराठी कुटुंबांच्या घरी पुस्तकांचे एखादे कपाट बहुधा असते. त्यात पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, रणजित देसाई असतात, क्वचित जी. ए. कुलकर्णीही असतात. मात्र त्यातील सर्वांत नवे पुस्तक बरेचदा त्या कुटुंबाने भारत सोडल्याच्या सुमाराचे असते. माणूस देश सोडतो तेव्हा त्याचे मराठी वाचन बहुतेकदा त्याच मुक्कामावर थांबते.

महाराष्ट्र मात्र तेथे थांबलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे त्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. १९९१ नंतर बाजार खुला झाला, शेतमालाच्या भावाचे गणित बदलले, शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा सततचा विषय झाला. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांसाठी जागा राखीव झाल्या. खेड्यातील पहिली पिढी वसतिगृहांत राहून पदवीधर झाली. या घडामोडी परदेशस्थ वाचकाला बातम्यांतून आकडे म्हणून ठाऊक असतात. एखाद्या घरात, एखाद्या माणसाच्या बोलण्यात आणि गप्प राहण्यात त्यांचे काय झाले, हे सांगण्याचे काम गेल्या दोन-अडीच दशकांत मराठी कथेने केले आहे. समकालीन कथासंग्रह दूर राहणाऱ्या वाचकाला वाचनीय वाटावेत, याचे मुख्य कारण हेच आहे.

पुरस्कारांची साक्ष

साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची यादी पाहिली तर कथेच्या सध्याच्या स्थानाचा अंदाज येतो. २०१२ मध्ये जयंत पवार यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’, २०१६ मध्ये आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ आणि २०२१ मध्ये किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ या कथासंग्रहांना हा पुरस्कार मिळाला. दहा वर्षांत तीन कथासंग्रह ही लक्षणीय नोंद आहे. २०२२ मध्ये उदगीर येथे झालेल्या ९५व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे हेदेखील प्रामुख्याने दीर्घकथेचे लेखक आहेत.

कथेकडे नव्याने पाहण्याचा हा काळ मराठीपुरता मर्यादित नाही. २०१३ मध्ये कॅनडाच्या कथाकार ॲलिस मन्रो यांना नोबेल मिळाले. मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या मूळ कन्नड कथांच्या, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणलेल्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. हा पुरस्कार मिळवणारा तो पहिलाच कथासंग्रह. त्यातील १२ कथा सुमारे तीन दशकांच्या लेखनातून निवडलेल्या आहेत. शेजारच्या भाषेतील हे यश मराठी वाचकालाही आपल्या कथेकडे पुन्हा वळून पाहण्यास पुरेसे निमित्त आहे.

कथाकथनाची सवय आणि आजची कथा

परदेशस्थ मराठी माणसाची कथेशी ओळख अनेकदा कानांवाटे झालेली असते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने एकेकाळी सभागृहे भरली. पुढे व. पु. काळे यांच्या ध्वनिफिती घराघरांत गेल्या. त्यामुळे कथा म्हणजे रंगवून सांगितलेला प्रसंग, मधूनमधून हशा आणि शेवटी एक कलाटणी, अशी अपेक्षा रुजली. ती अपेक्षा गैर नाही, पण तेवढीच घेऊन आजचा संग्रह उघडणारा वाचक दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अडखळतो.

पुस्तकातील कथेची वाट पूर्वीच वेगळी झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि माडगूळकर यांनी नवकथा घडवली. १९८२ मध्ये बंद पडलेले ‘सत्यकथा’ मासिक तिचे मुख्य व्यासपीठ होते. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने मराठी कथेला तोवर न दिसलेले जग आणि न ऐकलेला संताप दिला. धारवाडमध्ये राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी ‘काजळमाया’ (१९७२) सारख्या संग्रहांतून नियती आणि मानवी एकाकीपणा यांचा शोध घेतला. त्या संग्रहाला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला. आजचे कथाकार या दोन्ही वारशांचे धनी आहेत. बागुलांकडून त्यांनी समाजाकडे रोखून पाहणे घेतले आणि जीएंकडून वास्तवाच्या पलीकडे जाण्याची मुभा.

मराठी संग्रह कसा घडतो

मराठी कथासंग्रहाची घडण समजून घ्यायची तर दिवाळी अंक लक्षात घ्यावा लागतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. मराठी कथेचा पहिला वाचक आजही बहुधा दिवाळी अंकातच भेटतो. लेखक वर्षाकाठी एखाद-दुसरी कथा लिहितो, ती अंकात छापली जाते, आणि काही वर्षांनी अशा पाच-सात कथा एकत्र येऊन पुस्तक तयार होते.

या रीतीचे दोन परिणाम होतात. वृत्तपत्राच्या पुरवणीत न मावणारी कथा दिवाळी अंकात मावते. त्यामुळे तीस-चाळीस पानांची दीर्घकथा हा मराठीत चांगला रुजलेला प्रकार ठरला आहे. तिच्यात कादंबरीइतकी माणसे येतात, पण कादंबरीसारखा पसारा नसतो. दुसरे असे, की एका संग्रहात लेखकाची अनेक वर्षे साठलेली असतात. चांगल्या संग्रहात या कथा एकमेकींशी बोलतात आणि एकीतला प्रश्न दुसरीत वेगळ्या वयाच्या माणसापुढे उभा राहतो. दुबळ्या संग्रहात त्या केवळ एका मुखपृष्ठाखाली शेजारी बसलेल्या असतात.

तीन संग्रह, तीन ठिकाणे

जयंत पवार (निधन २०२१) हे नाटककार आणि पत्रकार होते. गिरणी संपानंतरच्या कामगार कुटुंबावरील ‘अधांतर’ हे त्यांचे नाटक गाजले. नाटकात जे घराच्या चार भिंतींत होते, ते कथेत गिरणगावभर पसरले. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या शीर्षकातील फिनिक्स वाचताना लोअर परळच्या त्या नावाच्या गिरणीची आणि तिच्या जागी झालेल्या मॉलची आठवण टाळता येत नाही. पवारांची कथा वृत्तांत, दंतकथा, स्वप्न आणि उपहास यांच्यात सहज ये-जा करते. ज्यांच्या हातचे काम गेले त्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न साध्या वास्तववादाने सुटणारा नाही, असे त्यांच्या कथनाच्या या फिरत्या रीतीतून जाणवत राहते. ‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’ या त्यांच्या पुढच्या संग्रहाचे शीर्षकच चाळीतल्या उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहे. त्यातील शीर्षककथेवर २०२२ मध्ये महेश मांजरेकर यांचा चित्रपट आला. चित्रपटाची चर्चा त्यातील हिंसेमुळे झाली, परंतु कथा वाचताना मन अधिक विचलित होते ते त्या हिंसेपर्यंत नेणाऱ्या रिकामपणामुळे.

आसाराम लोमटे हे परभणी जिल्ह्यातील लेखक आणि पत्रकार. त्यांच्या कथा मराठवाड्यातील गावांत घडतात. ग्रामीण कथा म्हटली की विनोदी पाटील किंवा सोशिक शेतकरी अपेक्षिणाऱ्या वाचकाला ‘आलोक’ चकित करतो. येथील गावात सत्तेचे बारकावे शहराइतकेच गुंतागुंतीचे आहेत. कोणाचा शब्द चालतो, कोणाची जात कोठे आड येते, कोण कोणाला कसे खेळवतो, हे कथेच्या पोटात हळूहळू उलगडते. लोमटे यांचा आवाज संयत आहे. अन्याय घडतो तेव्हा निवेदक ओरडत नाही, आणि म्हणूनच तो अन्याय वाचकाच्या मनात टिकून राहतो. ‘इडा पिडा टळो’ हा त्यांचा आधीचा संग्रहही याच जमिनीतला आहे.

किरण गुरव यांची कथा कोल्हापूरच्या परिसरातून येते. ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’मध्ये खेड्यातून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या तरुणाच्या मनाची उलथापालथ आहे. परदेशस्थ व्यावसायिकाला हा संग्रह विशेष जवळचा वाटण्याजोगा आहे. अल सद्दमध्ये पोचलेल्या अनेकांचे पहिले स्थलांतर विमानाने झालेले नसते. ते एस.टी.ने, गावातून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी झालेले असते. वसतिगृहात आपली बोली लपवणे, दुसऱ्याच्या कपड्यांकडे चोरून पाहणे, घरी गेल्यावर घरच्यांचेच अवघडलेपण जाणवणे, या गोष्टी ज्यांनी अनुभवल्या त्यांना ‘अवस्थांतर’ या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

स्त्रियांनी लिहिलेली कथा

समकालीन कथेचा विचार स्त्रियांच्या लेखनाशिवाय अपुरा राहतो. गौरी देशपांडे यांनी ‘आहे हे असं आहे’मध्ये मराठी नायिकेला देशांच्या आणि विवाहाच्या सीमा ओलांडायला लावल्या. सानिया यांच्या कथांतील शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, गाव आणि देश बदलणाऱ्या स्त्रिया नात्यांचा हिशेब शांतपणे मांडतात. ‘ओमियागे’ हे त्यांच्या एका संग्रहाचे नाव प्रवासाहून आणलेल्या भेटवस्तूसाठीच्या जपानी शब्दावरून आले आहे. परदेशी राहणाऱ्या वाचक स्त्रियांना या दोघींच्या कथांत ओळखीचे घर सापडते.

मेघना पेठे यांच्या ‘हंस अकेला’ (१९९७) आणि ‘आंधळ्याच्या गायी’ (२०००) या संग्रहांनी महानगरातील एकट्या स्त्रीची इच्छा, चीड आणि बुद्धी कोणतीही सबब न देता मांडली. ऊर्मिला पवार यांच्या ‘सहावं बोट’ आणि ‘चौथी भिंत’ या संग्रहांत जात आणि स्त्रीत्व यांचे दुहेरी ओझे आहे, पण त्याबरोबर खोडकर, कणखर विनोदही आहे. प्रज्ञा दया पवार यांचा ‘अफवा खरी ठरावी म्हणून’, नीरजा आणि मोनिका गजेंद्रगडकर यांचे संग्रह, मनस्विनी लता रवींद्र यांचा ‘ब्लॉगच्या आरशापल्याड’ हे या धारेचे पुढचे टप्पे आहेत.

आखात आणि मराठी कथा

दोह्यातील वाचकाला साहजिकच प्रश्न पडतो, की या कथेत आखात कोठे आहे? याचे सर्वांत महत्त्वाचे मराठी उत्तर विलास सारंग (१९४२–२०१५) हे आहे. कारवारला जन्मलेले सारंग इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९७०च्या दशकात त्यांनी इराकमधील बसरा विद्यापीठात आणि १९९०च्या दशकात कुवेत विद्यापीठात अध्यापन केले. त्यांचा ‘सोलेदाद’ हा कथासंग्रह १९७५ मध्ये आला. बसऱ्याच्या वास्तव्यातून त्यांची ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही कादंबरी निघाली. सारंग मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत. त्यांच्या कथा इंग्रजीत ‘फेअर ट्री ऑफ द व्हॉइड’ (१९९०) आणि ‘द विमेन इन केजेस’ (२००६) या पुस्तकांत वाचायला मिळतात. त्यांच्या कथांत परका देश हे केवळ पार्श्वभूमीचे चित्र नसते. आपण कोठलेच नाही, ही भावना वाक्यांच्या कोरडेपणातच उतरलेली असते.

सारंगांनी उघडलेली ही वाट मात्र फारशी रुळली नाही. मल्याळममध्ये बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ (२००८) ही सौदी अरेबियातील स्थलांतरित मजुराची कादंबरी घरोघरी पोचली. अबू धाबीत वाढलेल्या दीपक उन्नीकृष्णन यांचा ‘टेम्पररी पीपल’ (२०१७) हा इंग्रजी कथासंग्रह आखातातील तात्पुरत्या जगण्यावरच उभा आहे. या मानाने मराठीत आखातातील नोकरदाराचे आयुष्य कमी लिहिले गेले. व्हिसाच्या मुदतीवर बेतलेला संसार, शाळा संपताच दुसऱ्या देशी निघून जाणारी मुले, गावी बांधलेले आणि बंद असलेले घर, हे सारे मराठी कथाकाराची वाट पाहत आहे. तो लेखक अल सद्दमधलाही असू शकतो.

संग्रह पारखण्याच्या पाच कसोट्या

पुरस्कार आणि परीक्षणे यांपलीकडे वाचकाला स्वतः संग्रह पारखता येतो. त्यासाठी पुढील पाच गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली, भाषा कोणाची आहे? बोली केवळ संवादांत, हसू यावे म्हणून वापरली आहे की तिच्यातून पात्र विचारही करते, हे पहिल्या काही पानांत कळते.

दुसरी, काम. माणूस पोटासाठी काय करतो, हे लेखकाला नेमके ठाऊक आहे का? साच्यावर उभा असलेला कामगार, उधारीवर बियाणे घेणारा शेतकरी किंवा विक्रीचे लक्ष्य गाठू न शकलेला कर्मचारी यांच्या दिवसाचा तपशील खरा असेल, तर त्यांचे दुःखही खरे वाटते.

तिसरी, कणव आणि कीव यांतील अंतर. चांगला कथाकार गरिबाला केवळ बळी ठरवत नाही, तर त्याला चूक करण्याचा, लबाडीचा आणि विनोदाचाही अधिकार देतो. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही टोमॅटोचा भाव कोसळल्यावरची कथा अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. ती आठवते ती शेतकऱ्याच्या असहायतेमुळे, तशीच त्याच्या संतापामुळेही.

चौथी, शेवट. कलाटणीने चकित होणे एकदाच शक्य असते. दुसऱ्या वाचनातही जो शेवट टिकतो, त्यात घटना बदललेली नसते, वाचकाची तिच्याकडे पाहण्याची जागा बदललेली असते.

पाचवी, क्रम. अनुक्रमणिकेतील पहिली आणि शेवटची कथा एकापाठोपाठ वाचून पाहावी. मधल्या कथांनी वाचकाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेले असेल, तर तो संग्रह पुस्तक म्हणून उभा आहे.

सुरुवात कोठून करावी

बराच काळ मराठी वाचन सुटलेल्यांनी मिलिंद बोकील यांच्या ‘झेन गार्डन’पासून आरंभ करावा. ‘शाळा’ या कादंबरीमुळे त्यांचे नाव परिचित असते आणि त्यांची भाषा वाचकाला सहज आत घेते. शहरी, कार्यालयीन आयुष्याची कथा हवी असल्यास गणेश मतकरी यांचा ‘खिडक्या अर्ध्या उघड्या’ आहे. त्यातील कथा परस्परांशी जोडलेल्या आहेत. भयकथेची आवड असणाऱ्यांसाठी हृषीकेश गुप्ते यांचा ‘घनगर्द’ आहे. त्यानंतर गुरव, लोमटे आणि पवार या क्रमाने गेल्यास बोलीची सवय होत जाते. बोली अडली तर तो परिच्छेद मोठ्याने वाचावा. डोळ्यांना न कळलेले शब्द पुष्कळदा कानांना कळतात.

दीर्घकथेला तास-दीड तास लागतो. कतारमध्ये शुक्रवारची सकाळ त्यासाठी सोयीची आहे. एका बैठकीत एकच कथा वाचावी. संग्रह सलग संपवला तर कथा एकमेकींचा परिणाम पुसतात. पुस्तके बुकगंगासारख्या संकेतस्थळांवरून मागवता येतात आणि बरीचशी ई-पुस्तकांच्या रूपातही मिळतात. मराठी श्राव्य पुस्तकांमुळे मेट्रोतील किंवा गाडीतील वेळही कामी येतो.

मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी सावकाश वाचणाऱ्या मुलांसाठी अनुवाद हा दरवाजा ठरतो. बागुलांचा संग्रह जेरी पिंटो यांच्या अनुवादात ‘व्हेन आय हिड माय कास्ट’ (२०१८) या नावाने, तर ऊर्मिला पवार यांच्या कथा वीणा देव यांच्या अनुवादात ‘मदर विट’ (२०१३) या नावाने उपलब्ध आहेत. मुलाने इंग्रजीत आणि आई-वडिलांनी मराठीत एकच कथा वाचली, तर जेवणाच्या टेबलावर जातीविषयी, गावाविषयी, आजोबांच्या नोकरीविषयी जे बोलणे होईल, ते एरवी होत नाही. आई-वडिलांचा प्रदेश मुलांना सुट्टीतील लग्नसमारंभांपुरताच माहीत राहू नये, असे वाटणाऱ्या घरात हा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

वार्षिक रजेवर गेलेल्यांनी संग्रहांबरोबर त्या वर्षीचे एक-दोन दिवाळी अंकही आणावेत. येत्या दहा वर्षांत ज्या संग्रहांची चर्चा होईल, त्यांतील काही कथा या अंकांतच पहिल्यांदा छापल्या जात आहेत.